नेऱ्याला ठेवलेलं प्रस्थान

*पुढे: इंद्रजीत, आभा.*
*मधे: वसुंधराबाई. शेजारच्या सीटवर संत्र्यांची पिशवी.*
*मागे: रेवा, आणि सामान.*

"पूर्व म्हणजे नेरे?" पनवेल सोडून सुकापूरही मागं पडलं तेव्हा इंद्रजीतनं पुन्हा विचारलं. "अगं आई, विशाखापट्टणचा रस्ता कळंबोलीवरून जातो. तिथून एक्स्प्रेस वे, मग पुणं, सोलापूर, हैदराबाद. आपण चाललोय डोंगराकडं. पुढं रस्ताच संपतो."

"रस्ता कुठनं जातो ते मी विचारलं नव्हतं," वसुंधराबाई म्हणाल्या. "दिशा कुठली ते विचारलं होतं. तू म्हणालास, पूर्व."

"ते मी नकाशात बघून म्हणालो!"

"मग नेरे काय पश्चिमेला आहे?"

मागून रेवा खुदकन हसली. कानात इअरफोनचे बोळे घालून बसलेली असली तरी या नातीला हवं ते बरोबर ऐकू यायचं. आभा हसली नाही. ती सकाळपासूनच गप्प होती.

इंद्रजीतच्या सुट्टीत परत निघायला उरला तो मंगळवारच, आणि मंगळवारी घराबाहेर पाय टाकणं वसुंधराबाईंना चालत नव्हतं. त्यावर त्यांनी घरातला जुनाच तोडगा काढला होता. निघायचा दिवस बरा नसला तर आधीच्या बऱ्या दिवशी आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. हे प्रस्थान. ते ठेवलं की माणूस निघालाच असं धरायचं. मग प्रत्यक्ष जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढं व्हायचं. मधे घरी परतायचं नाही. रविवारी नेऱ्याची वेणू बाजाराला आली होती, तिच्याकडं त्यांनी रुमालात बांधून एक खण, सुपारी आणि हळकुंड दिलं होतं. त्यांचे यजमान कृष्णकांत होते तोवर हे सगळं तेच करायचे आणि त्याची चेष्टाही तेच करायचे. ते गेल्यावर चेष्टा तेवढी मुलांकडं गेली, बाकीचं वसुंधराबाईंकडं राहिलं.

चार महिने थोरल्या इंद्रजीतकडं विशाखापट्टणला राहायचं आणि अक्षय्य तृतीयेला परत यायचं, असं ठरलं होतं. गणपतीत न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हापासून दोन्ही मुलांनी धोशा लावला होता. तिसरा मजला. लिफ्ट नाही. धाकटा सत्यजीत बायको मनिषाबरोबर खारघरला, ओवे गावाच्या बाजूच्या टॉवरमध्ये. यायचं म्हटलं तर हाकेच्या अंतरावर, पण महिना महिना यायचा नाही. शेवटी त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. पाहुणपण काय, चार महिने निभावतं.

निघताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं. कुलूप लावायला सत्यजीत वर थांबला होता.

समोर प्रबळगड आला. दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या पाट्या, पाट्यांच्या मधून उरलीसुरली वालाची शेतं. वळणावर खडीचा डंपर अंगावर आला म्हणून इंद्रजीतनं गाडी खाली घेतली, आणि खालून कुणी घणाचा घाव घालावा तसा आवाज झाला.

"काय गेलं?" आभा.

"काही नाही. दगड."

"लाल दिवा लागलाय."

"दिसतोय मला."

"मग थांबा ना."

"आभा, वेणूचं घर समोर आहे. तिथं थांबतो."

घर समोर होतं खरं. गाडीच्या मागं रस्त्यावर काळ्या तेलाची रेघ उमटत चालली होती, ती फक्त रेवानं पाहिली आणि ती म्हणाली, "बाबा, आपली गाडी रडतेय."

---

*पुढे: कोणी नाही.*
*मधे: कोणी नाही.*
*मागे: कोणी नाही.*
*गाडीखाली: वेणूचा मुलगा हरेश, कमरेपर्यंत.*

"चेंबर फुटला हाय."

"म्हणजे?"

"तेलाचा चेंबर. सगला तेल गेला. आता चावी नका फिरवू साहेब, नायतर इंजिन बसंल."

"किती वेळ लागेल?"

"कलंबोलीला न्यायला लागंल. तिथं माझा दोस्त हाय, वेल्डिंग करून देईल. नवीन पार्ट मागवला तर उद्या."

"उद्या? मला आज सोलापूर गाठायचंय."

"सोलापूर आज नाय गाठत तुमी."

"आई, बघ. हे तुझं प्रस्थान."

"दगड मी नाही ठेवला रे तिथं."

"बाबा, पण टेक्निकली आजीमुळंच—"

"रेवा, तू मधे बोलू नकोस."

"मी तुमच्याच बाजूनं बोलत होते!"

"सामान खाली घ्या पहिला. गॅरेजात सामान ठेवून नाय जायचा."

---

*ओटीवर: वसुंधराबाई, वेणू. झोपाळा एकच, दोघी त्यावर.*
*पायरीवर: आभा.*
*अंगणात: इंद्रजीत, फोन कानाला.*

वेणूचं घर आता घर राहिलं नव्हतं, बंगला झाला होता. पूर्वी ती पाटीत वालाच्या शेंगा, कंटोळी, करवंदं घेऊन वसुंधराबाईंच्या दारी यायची, तिसऱ्या मजल्यावर. पाटी उतरून चहा प्यायची आणि मग कधी घरचं गाऱ्हाणं तर कधी गावचं. दोघींची लग्नं एकाच वर्षातली. त्या एवढ्या धाग्यावर मैत्री टिकली होती. आता जमिनीला भाव आला, हरेशनं जेसीबी घेतला, ओटीला चकचकीत फरशी आली. झोपाळा मात्र जुना होता.

"तुमचा रुमाल देवापुढं ठेवला हाय," वेणू म्हणाली. "च्या घेता ना?"

"घेईन. पण तू कर. सुनेला सांगू नकोस."

"मीच करतंय. घरात हाय कोण दुसरा?"

टोचन लावून गाडी न्यायला माणूस आला. हरेश आणि रेवा सामान उतरवून ओटीच्या कडेला लावत होते. बॅगा, चटई, इंद्रजीतचा थर्मास. आणि बॅगांच्या वर ठेवलेलं, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. रेवानं ते दोन्ही हातांनी उचललं, टॉवेल घसरला, आणि पितळेचा डबा उन्हात चमकला.

वसुंधराबाईंनी पायानं झोपाळा थांबवला.

त्या डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण पहाटे त्यांनी स्वतःच ते ठेवलं होतं. घर बंद ठेवून गावाला जायचं असलं की देव तांदळात ठेवतात. मागं उपाशी राहू नयेत म्हणून. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, देवीचा टाक, तिघांना तांदळात बसवून त्यांनी डबा देव्हाऱ्यात ठेवला होता आणि सांगून आल्या होत्या की येते, अक्षय्य तृतीयेला. माणसं घर सोडतात नि परत येतात. देव असे कोणी उचलून नेत नाही. देव उचलले म्हणजे घर उठलं.

"हा इथं कसा?"

रेवा डबा धरून तशीच उभी.

"इंदर, हा डबा इथं कसा?"

इंद्रजीतनं फोन खिशात टाकला. "सत्यानं दिला. म्हटलं, तिकडं तुला पूजा करता येईल."

"चार महिन्यांसाठी?"

"आई, आत्ता गाडीचं एवढं झालंय—"

"चार महिन्यांसाठी देव हलवलेस?"

"सांगून टाका हो आता," पायरीवरून आभा म्हणाली.

"तू गप्प बस."

"गप्पच बसलेय. गणपतीपासून."

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो आईकडं बघत नव्हता, गाडी ओढून नेणाऱ्या त्या माणसाकडं बघत होता. घर भाड्यानं दिलं आहे. बँकेतलं कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत. उद्या सकाळी राहायला येतील. सत्या आज सामान हलवतोय. तिथं पोचलो, तू जरा रुळलीस, की सांगणारच होतो.

"आज म्हणजे आत्ता?"

"हो."

"मी जिन्यावरून उतरले तेव्हा टेम्पो कुठं होता?"

गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला टेम्पो वसुंधराबाईंनी सकाळी पाहिला होता. कुणाचं तरी बिऱ्हाड हलतंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

"मला विचारायचं नाहीत तुम्ही?"

"विचारलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मग!"

"मग काय? मग आले नसते."

"आणि पुन्हा पडली असतीस. त्या वेळी चार तास पडून होतीस, आई. चार तास. शेजारच्यांनी सत्याला फोन केला, सत्यानं मला केला, मी तिथं बसून काय करणार होतो? सांग ना. मला त्या रात्री..." त्याचा आवाज चिरकला. अंगणातली कोंबडी त्याच्या पायाशी येऊन उभी राहिली. त्यानं तिला हाकललं नाही.

रेवानं डबा अलगद झोपाळ्यावर, आजीच्या शेजारी ठेवला. "आजी, मी तुला माझी खोली दिलीय. खिडकीतून समुद्र दिसतो, खरंच. मी हॉलमध्ये झोपणारे."

"तुला माहीत होतं?"

"खोलीचं माहीत होतं. डब्याचं नव्हतं."

वसुंधराबाईंनी वेणूकडं पाहिलं. वेणू चहाचे कप घेऊन दारात उभी होती, सगळं ऐकलेली. हिच्याशी आपण कधी काय बोललो नाही? सासूचं, दिवस गेल्याचं, कृष्णकांतांच्या शेवटच्या दिवसांचं. ही तरी.

"बाई, मी बोलू? राग नका मानू," वेणू म्हणाली. "तुमी जा पोरांबरोबर."

"वेणू?"

"एवढा मोठा घर हाय माझा. हरेश जेसीबीवर, सून पनवेलला नोकरीला. दिवसभर मी नि तो टीवी. सांजंला कोनी नुसता इचारला ना, आये जेवलीस का, तरी पोट भरतंय. तुमाला तर पोरं गाडी घेऊन न्यायला आली. जा."

कपातला चहा तिनं पुढं केला. वसुंधराबाईंनी घेतला. आल्याचा वास आला. एकाच ओटीवर इतकी माणसं आपल्याविरुद्ध बसू शकतात, असं त्यांना वाटलं. आणि त्यातली एकही वाईट नव्हती, हे जास्त वाईट.

तेवढ्यात इंद्रजीतला ते सुचलं. सकाळपासून ज्याची तो टर उडवत होता तेच.

"आणि आता परत जाताही येणार नाही ना तुला? प्रस्थान ठेवलंय. निघाल्यावर घरी पाऊल टाकायचं नसतं. तूच सांगतेस." तो हसून बोलला, पण नुसत्या ओठांनी.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "नसतं टाकायचं."

ओटीवरची माणसं सैल झाली. आभानं मात्र मान वर केली.

"पण ते प्रस्थान माझं." वसुंधराबाईंनी कप खाली ठेवला. "देवांचं कुठं ठेवलं होतं मी? त्यांना कुणी न विचारता बाहेर काढलंत. त्यांना घरी पोचवून यायला हवं. हरेश, रिक्षा मिळेल का रे बाळा?"

"आई, हा काय वेडेपणा! मी नाही पाठवणार तुला एकटीला."

"मग चल तू बरोबर. चल. माझ्याबरोबर वर ये, आणि काय काय नेलं ते बघ."

तो हलला नाही. त्याला ते घर बघायचं नव्हतं, आणि तेवढ्यावरून वसुंधराबाईंना कळलं की आता तिथं बघण्यासारखं फार काही उरलं नसणार.

रेवा मात्र पुढं आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिखट होता. "म्हणजे तुला आमच्याकडं यायचंच नव्हतं. मी उगाच भिंतीवरचं सगळं काढलं."

---



वसुंधराबाईंना म्हणायचं होतं की यायचं होतं गं. रोज रात्री तुझा समुद्र डोळ्यांपुढं आणत होते. म्हणायचं होतं की पाहुणी म्हणून येणारी बाई आणि सामानात भरून आणलेली बाई, यांत फरक असतो. तो तुला तुझ्या घरातून कुणी असं उचललं की कळेल, आणि तो दिवस तुझ्यावर न येवो. म्हणायचं होतं की तुझ्या बापाचा आवाज चिरकला तेव्हा मी उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. म्हणायचं होतं, पण हरेशनं बोलावलेली रिक्षा फाटकात आली आणि...

---

*पुढे: रिक्षावाला.*
*मागे: वसुंधराबाई. मांडीवर डबा.*

रिक्षापर्यंत डबा आभानं धरला होता. तिनं तो मांडीवर ठेवला, पदर नीट केला आणि वाकलेलीच राहिली.

"हा सगळ्यात खाली ठेवायला सांगितला होता त्यांनी. चटईच्या खाली," ती हळूच म्हणाली. "मी वर ठेवला."

वसुंधराबाईंनी तिच्याकडं पाहिलं. वीस वर्षं ही सून घरात होती, आणि आज पहिल्यांदाच दोघींचं काहीतरी गुपित झालं होतं.

"सरळ सांगायचंस मग."

"धीर नाही झाला, आई."

"माझ्याबरोबर ये म्हटलं तर येशील?"

आभानं ओटीकडं पाहिलं. रेवा पाठ फिरवून बसली होती, इंद्रजीत तिला संत्रं सोलून देत होता आणि ती घेत नव्हती.

"जा," वसुंधराबाई म्हणाल्या. "तुझी माणसं तिकडं आहेत."

रिक्षा निघाली. रस्त्यावर तेलाची काळी रेघ उलट्या दिशेनं सोबत आली आणि डंपरच्या वळणावर संपली. पुढं नुसता फुफाटा. रिक्षावाल्यानं विचारलं, डब्यात काय हाय आजी, लई सांभाळून धरलाय. त्या म्हणाल्या, तांदूळ.

---

*टेम्पोत: पलंग, उताणा. गाद्या. गोदरेजचं कपाट. देव्हारा, आडवा. कपाटाचा आरसा बाहेरच्या बाजूला.*

वडाळे तळ्यामागच्या गल्लीत टेम्पो तसाच उभा होता. आपला पलंग पाय वर करून पडलेला बघून वसुंधराबाईंना आधी लाजच वाटली, भर रस्त्यात पदर ढळल्यासारखी. हमाल सावलीत वडापाव खात होते. त्यांनी या बाईंकडं पाहिलं आणि पुन्हा खायला लागले. त्यांना काय माहीत.

तीन जिने. प्रत्येक वळणावर डबा पायरीवर टेकवायचा, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचा. मनगट ठणकत होतं. एकही दार उघडलं नाही. कामाची वेळ, सगळे कामावर.

सत्यजीत स्टुलावर उभा राहून पडद्याचा दांडा काढत होता. त्यानं दारात आईला पाहिलं आणि आधी तिच्या मागं पाहिलं, दादा दिसतो का ते.

"आई? गाडी बंद पडली?"

"हो."

"मग फोन करायचा ना. मी आलो असतो न्यायला." बोलता बोलता त्याची नजर डब्यावर गेली, आणि उरलेलं सगळं त्याला कळलं. तो खाली उतरला. "बस ना," म्हणाला आणि खोलीभर नजर फिरवली. बसायला काही नव्हतं. मग त्यानं स्टूलच बाहीनं पुसून पुढं केलं, घरी पाहुणी आल्यासारखं.

वसुंधराबाई बसल्या. भिंतीवर जिथं कृष्णकांतांचा फोटो होता तिथं एक स्वच्छ चौकोन होता, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. खोली मोठी वाटत होती. इतकी वर्षं अडगळ, अडगळ म्हणून आपण ओरडायचो.

"दादानं सांगितलं तुला सगळं?"

"त्यानं सांगितलं. तू कधी सांगणार होतास?"

"मला नव्हतं हे असं करायचं. खरंच, आई. पण मनिषा म्हणाली, आपल्याकडं आणायचं तर दोनच खोल्या, आणि दादा म्हणाला, मी नेतो. मग मी काय..." त्यानं पडद्याचे आकडे खिशात भरायला सुरुवात केली. "तुला माहितेय, मी त्याच्यापुढं कधी बोललोय का?"

"आणि माझ्यापुढं?"

तो आकडे मोजल्यासारखं करत राहिला.

"उद्या सकाळी ती माणसं येतील," शेवटी तो म्हणाला. "चावी दिलीय त्यांना. मी काय सांगू?"

"सांग, घरात माणूस आहे."

"आई, आणि पुन्हा पडलीस तर?"

त्यावर 'पडले तर पडले' असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. त्या चार तासांत न्हाणीघराच्या फरशीवरून त्यांनी सत्यजीतला हाका मारल्या होत्या, इंद्रजीतला मारल्या होत्या, शेवटी कृष्णकांतांना मारल्या होत्या. भीती अजून अंगात होती. या घरात राहिलं तर ती रोज रात्री शेजारी झोपणार होती.

"पडेन कदाचित," त्या म्हणाल्या. "पलंग वर आण."

सत्यजीत चपला न घालताच जिना उतरला. खाली त्याचा हमालांशी बोलण्याचा आवाज आला, हमालांचा चढलेला आवाज, पुन्हा त्याचा. ते काय म्हणत होते ते तिसऱ्या मजल्यावर कळत नव्हतं. मग टेम्पोची मागची फळी धाडकन पडली.

पहिला देव्हारा आला. मग पलंग, जिन्यात अडकत, घासत. मनिषाचा फोन आला म्हणून सत्यजीत बाहेर गॅलरीत गेला, बराच वेळ बोलला, आणि आत येऊन म्हणाला, निघतो, उद्या येतो. येईल की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. वसुंधराबाई 'बरं' म्हणाल्या.

दिवेलागणीला फोन वाजला. इंद्रजीत.

"पोचलीस?"

"पोचले."

"देव?"

"बसले."

पलीकडं वेल्डिंगचा चर्र आवाज, कळंबोलीचे ट्रक, कुणीतरी कुणाला तरी पान्यासाठी हाक मारत होतं. मधेच रेवाचा आवाज, लांबून. मग तोही नाही.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"आत्ता लावते भात. तुम्ही?"

"बघू. रस्त्यात."

दोघांनाही फोन ठेवता येईना. तिकडं कोणीतरी म्हणालं, मारा साहेब सेल्फ. चावी फिरली, इंजिन कण्हून थांबलं. पुन्हा फिरली. वसुंधराबाई उघड्या खोलीत फोन कानाला घट्ट धरून उभ्या होत्या, आणि गाडी सुरू व्हावी की होऊ नये हे त्यांना ठरवता येत नव्हतं, तोच ती सुरू झाली.